मकेच्या पोंग्यातली माती

ये गं भाचे, मनानं तरी जवळ बस. परवा फोनवर गुडघ्यांचं विचारलंस, गोळ्यांचं विचारलंस, मकेचं मात्र काहीच नाही. पुण्यात राहून मावशीचं दुखणंच तेवढं आठवतं व्हय?

जामखेडच्या रानात यंदा मका पेरली ती गायीसाठी. कणसात दूध भरलं की ताटासकट कापायची, कुट्टी करून दाबून हवाबंद ठेवायची. मुरघास म्हणतात त्याला. उन्हाळाभर गाय त्यावर निघते. ही गाय घरातच जन्मली, माझी बोटं चाटत मोठी झाली. पण दिरांनी पेरतानाच सांगून ठेवलं होतं, चारा नाही झाला तर गाय बाजारात.

मका गुडघ्याएवढीही नव्हती, तोच पानांना भोकं. नवी पानं गुंडाळून वर येतात त्या पोंग्यात ओल्या भुशासारखी घाण. खत-औषधांचा दुकानदार पान बघूनच म्हणाला, लष्करी अळी. आमच्या धाकट्या जावेचं माहेर भिंगारचं, लहानपण मिलिटरीच्या कॅम्पाच्या कडेला गेलेलं. तिनं विचारलं, “लष्करी? म्हंजी आमच्याकडनं आली का काय?”

दुकानात हसून घेतलं, पण घरी दीर हसले नाहीत. सगळी मका मोडून रोटा मारू, मातीत मिसळून टाकू म्हणाले. ट्रॅक्टरवाल्याला सांगूनही आले. मी अळ्या वेचू म्हटलं, तर मलाच विचारतात, “वहिनी, अळ्या येचून मका जगती व्हय?”

म्हटलं, “भावजी, नवं पान कसं निघतंय ते बघू द्या. मग मारा रोटा.”

सकाळी दव असतानाच आम्ही दोघी जावा ओळीनं चालायचो. पानावर कापूस चिकटल्यासारखा अंड्यांचा पुंजका दिसला की चिरडायचा, अळी दिसली की साबणाच्या पाण्यात. तिच्या डोक्यावर इंग्रजी वाय उलटा काढल्यासारखी खूण असते. जाऊ म्हणायची, बघा, गंध लावून जेवायला बसलीय. मग आत लपलेली अळी मरावी म्हणून पोंग्यात बारीक मातीची चिमूट, भाजीत मीठ टाकावं तेवढीच. जास्त झाली तर पोंगाच गुदमरायचा. निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवल्या, जुन्या लुगड्यातून गाळल्या आणि जावेनं पाठीवर पंप घेऊन पोंग्यापोंग्यात फवारलं. रस्त्यानं जाणारे विचारायचे, मकेला मीठ घालताय का? ही म्हणायची, व्हय, चव बघायला या.

भोकं पडलेलं पान काही भरून येत नाही. त्यामुळं दिरांना बांधावरून फाटकं रानच दिसायचं. एका सकाळी मी त्यांना आत बोलावलं, पोंगा दाखवला. नवं पान वर येत होतं, रुंद, हिरवंगार, एक भोक नाही. पुढच्या ताटालाही तसंच. काही ताटं गेली ती गेली, पण रान उभं राहिलं. दीर स्वतः ओळींमधून फिरून आले, खिशातून मोबाईल काढला आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, “रोटा नको. आमच्या बायांनी मका राखली.”

आमच्या बायांनी, असं म्हणाले गं. जाऊ तर दिवसभर तेच सांगत गावभर फिरली, आणि मी तिला अडवलं नाही.

आता मका डोक्याच्या वर गेलीय, कणसात दूध भरतंय, गाय गोठ्यात निवांत रवंथ करतेय. पण मुरघासाची कापणी जवळ आलीय. उशिरा आलीस तर तुला काय दाखवू, बुडखे? रजा काढ आणि ये लवकर. मका उभी आहे तोवर तुला ओळींमधून फिरवायचंय.