वडनेर भोलजीला होळीची गाठी घेऊन

होळीच्या तोंडावर वऱ्हाडात जाणं म्हणजे उन्हाच्या तोंडी जाणं. तरी निघाले. धाकट्या भावाची, नितीनची सोयरीक वडनेर भोलजीला जुळता जुळता अडली होती. आम्ही दोघं एकाच कारखान्यात. अणुइंधनातून उरलेला किरणोत्सारी द्रव तिथे तापवून आटवतात, वितळलेल्या काचेत मिसळून घट्ट करतात. हे कळल्यावर मुलीचे वडील फोनवर म्हणाले, "विचार करून सांगतो." म्हणजे नाहीच की!

जलंब स्टेशनला उतरून फाट्यावरच्या छोट्या रेल्वेगाडीने खामगाव गाठलं. बाजारातून साखरेची गाठी घेतली. होळीला ती मुलाकडून जाते. मुलीच्या गळ्यात पडली की सोयरीक पक्की. पुढे एसटीने नांदुरा, मग काळीपिवळी जीप. दुपारच्या एसटीत डावीकडे बसू नका, भाजून निघाल.

वडनेरला मुलीच्या वडिलांनी, काकांनी, आधी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि भरीत खाऊ घातलं. असं भरीत मी जन्मात खाल्लं नव्हतं. मग विषय निघाला.

"ताई, पोरगा चांगला हाय. पन रोज त्या इखारापाशी जाते. माही पोरगी काऊन देऊ?"

"जाड भिंतीआडून, यंत्राच्या हातांनी काम चालतं, काका. पाक साच्यात घट्ट होऊन गाठी होते, तसा तो काचेत घट्ट होतो."

"गाठी तं पान्यात इरघयते!"

तेवढ्यात वर्षाने, त्यांच्या मुलीने, हातातली काचेची बांगडी काढून पाण्याच्या पेल्यात टाकली. "बाबा, हे इरघयते का?"

काका हसले नाहीत. "मंग त्यातला इखार मरते?"

खोटं बोलवेना. "नाही. तापवून मरत नाही, फक्त काचेत अडकतो. पोलादी डब्यात घालून राखावा लागतो. आपल्या नातवंडांच्या नातवंडांनंतरही."

मला वाटलं, संपलं. काकांनी बाहेर मक्याच्या वावराकडे बोट केलं. रानडुकरांपासून पीक राखायला तेही रात्री जागलीला जातात.

"म्हंजे जागलच हाय हे. जागलीवाल्याले पोरगी देत नाही म्हनलं असतं, तं आमच्या गावात कोनाचंच लगन झालं नसतं."

गाठी वर्षाच्या गळ्यात पडली. मला रडूच आलं.

निघताना काका काळीपिवळीपर्यंत आले. "नितीनरावांले इचारजा, ते रिटायर झाल्यावर जागलीले कोन?"

घरी नितीन दारातच उभा होता. होकार सांगितला, तर नाचायलाच लागला. मग काकांचा प्रश्न सांगितला. तो पायरीवर बसून नोकरीची उरलेली वर्षं बोटांवर मोजू लागला, आणि मीही त्याच्या शेजारी बसून माझी.