बऱ्हाटे मॅडम आणि माझं न झालेलं सायन्स

बऱ्हाटे मॅडम आज पहाटे धुळ्यात झोपेत गेल्या.

झोपेत. ज्या बाईला एसटीत रिकामी सीट असूनही बसवत नसे, ती.

मला अजून पटत नाहीये.

मॅडम जळगावला कॉलेजात बायोलॉजी शिकवायच्या. मी चोपड्याकडची, केळीवाल्यांची पोरगी. लहानपणी तापात माझे डोळे गेले. हे सगळं बोलून टाईप करतेय, चुका दिसल्या तर समजून घ्या.

सत्त्याऐंशी साल असेल. दहावीला मार्क चांगले होते. मला सायन्स हवं होतं. भाऊ, म्हणजे माझे वडील, मला घेऊन कॉलेजात गेले.

प्राचार्य भाऊंशीच बोलत होते. "प्रॅक्टिकल असतं हो. मुलीला दिसत नाही. आर्ट्सला घाला, पेटी शिकवा."

मागून एक बाईचा आवाज आला. "सर, बेडूक डोळ्यांनी कापतात का हातांनी?"

ती आमची पहिली भेट.

मॅडम वर्षभर भांडल्या. कॉलेजशी, बोर्डाशी. पुण्याला चकरा मारल्या.

नाही झालं.

मी आर्ट्सला गेले.

पण दर रविवारी जळगावातच, पिंप्राळ्यात, त्यांच्या घरी माझं सायन्स सुरू झालं. कणकेचा गोळा, आत वाटाणा. "ही पेशी. वाटाणा म्हणजे केंद्रक. दाब, घाबरू नकोस." माशाचे कल्ले, कोंबडीचं हाड, फुलाचे पुंकेसर, सगळं बोटांनी.

भाऊ एकदा म्हणाले, "मॅडम, परीक्षाच नाही, तर हिला उपयोग काय?"

"ते मी बघते. तुम्ही हिला पाठवत जा."

मग एक दिवस त्यांनी मला सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात नेलं. सुट्टीत त्या गावोगाव विज्ञानाचे कार्यक्रम करायच्या. शाळेच्या ओट्यावर बाया जमल्या होत्या. ताटात बकऱ्याचं हृदय, मटणवाल्याकडून आणलेलं.

मॅडमनी ताट माझ्यापुढे सरकवलं. "आज तू सांग."

मला आधी काही सांगितलं नव्हतं.

एक म्हातारी म्हणाली, "पोरी, तुले तं दिसत नही. तू आमले काय दखाडशी?"

मॅडम बोलतील म्हणून मी थांबले.

त्या बोलल्याच नाहीत.

शेवटी मीच म्हणाले, "अक्का, हात द्या इकडे."

तिचं बोट धरून मी आतल्या झडपेवर टेकवलं. एका बाजूनं ढकललं, उघडली. दुसऱ्या बाजूनं ढकललं, बंद.

म्हातारीनं स्वतःच पुन्हा ढकलून पाहिलं. मग हळूच, "आय वं. हाई तं दार शे."

सगळ्या बाया पुढे सरकल्या. मला प्रश्नावर प्रश्न. आपलं रक्त मागे का येत नाही, ते मी त्या दिवशी त्यांना सांगितलं.

परत येताना एसटीत मी हवेत होते. मॅडम दांडीला धरून उभ्या.

म्हणाल्या, "छान बोललीस. पण तुझी सायन्सची डिग्री गेली ती गेलीच. मला ते पचत नाही."

पुढे त्यांनी नोकरी सोडली. नव्वदच्या दशकात आम्ही दोघी जळगाव-धुळ्याची किती गावं फिरलो. ज्यांना ऐकू येत नाही, चालता येत नाही, अशी मुलं कार्यक्रमात मागे बसवलेली असायची. मॅडम त्यांना पुढे बोलवत नसत. टेबलच उचलून त्यांच्यापाशी नेत.

लोक टाळ्या वाजवायचे. मॅडमचं समाधान कधी झालं नाही.

गेल्या आठवड्यात फोनवर मी त्यांना सांगितलं, भुसावळजवळच्या दीपनगरची एक मुलगी आहे, तिला दिसत नाही, अकरावी सायन्स मागतेय. कॉलेजवाले 'बघू' म्हणतात.

"बघू म्हणजे नाही. तिला घेऊन जा आणि तिथे बस."

आज सकाळी त्यांच्या भाचीचा फोन आला. मी धुळ्याला निघाले होते. चपला घातल्या, आणि पुन्हा काढल्या. आजच भुसावळच्या कॉलेजनं त्या मुलीला बोलावलं होतं.

धुळ्याऐवजी तिला घेऊन कॉलेजात गेले. आम्ही दोघी प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसून राहिलो. ऑफिसातले लोक म्हणाले, उद्या या. नाही उठलो.

ॲडमिशन झालं.

प्रॅक्टिकलचं मात्र 'नंतर बघू' म्हणालेत. ते भांडण बाकी आहे.

तिकडे धुळ्यात एव्हाना सगळं आटोपलं असेल.

मॅडम, शेवटचं पाया पडायला येता आलं नाही. इथूनच, भुसावळच्या स्टँडवरून, नमस्कार करते.

पोरगी शेजारी उभी आहे. बस म्हटलं तरी बसत नाहीये.