धाकलू फुगा म्हणेना

कुंभिवलीत बांधावरून भांडण पेटलं की लोक वकिलाआधी धाकलूला हाक मारतात. साठीचा काटकुळा माणूस, जन्म भातशेतीत गेलेला. कुणाचा बांध कुठून कुठे जातो हे त्याला तोंडपाठ. आठवत नसेल तर सरळ "ठाव नाय" म्हणणार. हायवेलगतच्या जमिनींना सोन्याचा भाव आला, साक्षी फिरल्या, सख्खे भाऊ फिरले. पण कुणाचं मटण खाऊन हा गडी कधी फिरला नाही.

अशा माणसाला गेल्या मार्गशीर्षात, भरदुपारी, कापलेल्या शेतावर आभाळात काहीतरी चमकताना दिसलं. आवाज नाही, पंख नाहीत. तुम्ही-आम्ही बोंबलत पळालो असतो! धाकलूनं बांध दाखवताना करतो तेच केलं. उभा होता तिथे निरगुडीची फांदी रोवली आणि दहा पावलांवर, त्या चकाकीच्या रेषेत, दुसरी. मग ते सरळ वर गेलं आणि दिसेनासं झालं.

आता आमच्याकडे शेतात निरगुडी रोवली म्हणजे हद्द सांगितली. शेजारच्या नागूनं संध्याकाळी त्या फांद्या पाहिल्या आणि धाकलू आपल्या शेतात घुसतोय असं समजून दोन्ही उपटून फेकल्या. खरा प्रकार कळल्यावर तर तो हसून लोळायचाच बाकी राहिला. "याला तबकड्या दिसतात! सोमवारच्या मोजणीला बोलू दे की आता!"

त्या हसण्यात पाणी मुरत होतं. नागूनं सोनाबाईचा बांध चार हात आत सरकवला होता. बाई एकटी, कागद अर्धवट, सगळी भिस्त धाकलूच्या साक्षीवर. तो येडा ठरला की तिचं शेत गेलंच म्हणा.

धाकलूच्या पुतण्यानं, ओमकारनं, त्या चकाकीची हकिकत मोबाइलवर टाकली होती. चौथ्या दिवशी वायुदलाची जीप दारात! रुचिता मॅडम नावाच्या अधिकारी, बरोबर दोन जवान. सारा गाव लोटला.

"हवामानखात्याचा फुगा असेल, काका. तसं लिहू का?" मॅडमनी विचारलं.

"अवो, फुगा म्हणा नि मोकळं व्हा!" बायको मैना दारातून कुजबुजली. "लोकांचं हसं तरी थांबंल."

गर्दीत सोनाबाई तोंडाला पदर लावून उभी होती. तिच्याकडे पाहून धाकलूचा जीव तीळतीळ तुटला. तरीही तो म्हणाला, "म्याडम, फुगा मी बगितला नाय. तबकडीबी नाय. चमकत होतं, येवढंच. काय होतं, ठाव नाय."

"बरं, दिशा तरी दाखवा. अंदाजानं चालेल."

"अंदाजानं नाय सांगत."

आणि हा म्हातारा शेतात गुडघ्यांवर बसला. सुकत आलेल्या चिखलात बोटांनी चाचपत राहिला, चांगला अर्धा तास. नागू खिदळत होता. शेवटी फांद्यांची दोन्ही भोकं सापडली. त्यांत काठ्या उभ्या करून मॅडमनी दिशा मोजायचं यंत्र लावलं, आकडा लिहून घेतला. कागदावर 'वस्तूची ओळख पटली नाही' असं लिहिलं, ते धाकलूनं दोनदा वाचून घेतलं आणि मगच सही केली.

सोमवारी मोजणीवाले साहेब आले. नागूनं लगेच तोंड टाकलं, "सायेब, या आभाळात तबकड्या बगणाऱ्याची साक्ष घेताव का?"

साहेबांनी धाकलूकडे पाहिलं.

"जीपवाल्यांम्होरं मी ठाव नाय म्हणालो," धाकलू म्हणाला, "कारण ठाव नव्हतं. ह्यो बांध मला ठाव हाय." नागूनं सरकवलेल्या बांधापासून चार हात नागूच्याच बाजूला जाऊन त्यानं टाच रोवली. "हितं."

"कुणाची हरकत?"

नागूनं मागे वळून पाहिलं. जीपच्या दिवशी त्याच्याबरोबर खोखो हसलेला भिवाजी तिथेच उभा होता. तो खाली मान घालून म्हणाला, "धाकलू हितं म्हणतोय ना, मंग हितंच."

साहेबांनी खूण लावली. सोनाबाई त्या खुणेजवळच मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली.