तक्रारपेटीचा पाय

एका लोखंडी दांड्याचा रंग मला नक्की आठवत नाही. पुण्यात संख्याशास्त्रात पीएच.डी. केली, पंधरा वर्षं तेच शिकवलं, आणि तरी माझ्या डोक्यातल्या नोंदी भरवशाच्या नाहीत. मी म्हणतो पिवळा, बायको म्हणते, "तुम्ही मागच्या वेळी निळा म्हणाला होतात." मुलगी इथे दुबईतच वाढलेली, ती सरळच सांगते, "बाबा, यू आर मेकिंग इट अप!" असेलही. टीव्हीची, मिक्सरची रिकामी खोकी आपण दुबईच्या फ्लॅटमध्ये कपाटावर रचून ठेवतो ना, परत जाताना लागतील म्हणून? परत जाणं काही होत नाही, खोकी मात्र वाढत राहतात. किश्श्यांचं तसंच झालंय.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी दुबईत एका परदेशी मदतसंस्थेत नोकरीला होतो. समुद्रापलीकडच्या एका देशात लढाई चालू होती. तिथल्या लोकांसाठी आम्ही तंबू, औषधं आणि हापसे पाठवायचो. त्या देशाचं नाव ऑफिसात कोणी घेत नसे. सगळे म्हणत, 'फील्ड'.

*

आमचे डायरेक्टर हेन्रिकसाहेब. इंटरव्ह्यूत मला म्हणाले, "तुम्ही फील्डमधल्या लोकांना उत्तर द्यायला बांधील. त्यांची तक्रार ऐकायची, तिचं निराकरण करायचं."

मी उत्साहाने विचारलं, "मग मी फील्डला कधी जायचं?"

"तुम्ही? छे छे! तिथला तुमचा इन्शुरन्स नाही."

*

पहिलं काम म्हणजे लोकांचं मत विचारणारा फॉर्म. मी रीतसर पाच पर्याय दिले: अतिशय समाधानी, समाधानी, सांगता येत नाही, असमाधानी, अतिशय असमाधानी. हेड ऑफिसातून फॉर्म परत आला. खालचे तीन पर्याय गायब! शेरा होता, 'आधीच पीडित असलेल्या लोकांना नकारात्मक विचार करायला लावू नये.'

उरले दोन. समाधानी आणि अतिशय समाधानी.

मी निषेधाचं पत्र लिहिलं. तीन खर्डे केले. चौथ्यात निषेध उरला नव्हता, तेव्हा पाठवलं.

*

मग तक्रारपेट्या केल्या. पत्र्याच्या, भक्कम, समोर मोठ्या अक्षरांत इंग्रजी वाक्य, 'युवर कम्प्लेंट इज इम्पॉर्टंट टू अस'. तक्रार गुप्त राहावी म्हणून प्रत्येक पेटीला कुलूप, आणि किल्ल्या माझ्या ड्रॉवरमध्ये, दुबईत! पेटी भरली की बोटीने फुजैरा बंदराला यायची, तिथून ट्रकने माझ्याकडे.

फुजैराचं आमचं गोदाम पाटोळे सांभाळायचे. जत तालुक्यातला माणूस, दहावी पास, आणि माझ्यापेक्षा दहापट हुशार. पहिली पेटी चढवताना त्यांनी फोन केला.

"डॉक्टरसाहेब, समजा पेटीच्या गावाला आग लागली, तर?"

"तर ते तक्रार लिहून पेटीत टाकतील."

"आणि तुम्ही दोन महिन्यांनी उघडणार. बरंय. तोवर विझते आपोआप."

*

पहिली पेटी उघडली तेव्हा आत एकच चिठ्ठी होती. जमीला नावाच्या शाळामास्तरणीची, ठळक, सरळ इंग्रजी अक्षरांत. 'हापसा आला. दांडा आला नाही. आमच्या बायका नदीवरून पाणी आणतात. नदीच्या वाटेवर बंदुका आहेत. काल दोघी परतल्या नाहीत.'

दांडा का गेला नव्हता, ते पाटोळ्यांनी सांगितलं. फील्डला जाणाऱ्या मालाची यादी एक समिती तपासायची. तिने हापसा मंजूर केला आणि दांडा अडवला. कारण: 'भरीव लोखंडी वस्तू, लष्करी उपयोगाची शक्यता.'

"मी हापशावर वाढलेला माणूस," पाटोळे म्हणाले. "दांड्याचा एकच लष्करी उपयोग. आमच्या गावच्या बायका रांगेत मध्ये घुसणाऱ्यावर उगारायच्या!"

*

चिठ्ठीवर मीटिंग बसली. आमच्याकडे तक्रारींचे तीन प्रकार होते: मालाचा दर्जा, मालाची संख्या, कर्मचाऱ्यांची वागणूक. दांडा कशात घालायचा? हापशाचा दर्जा उत्तम होता. संख्येत हापसा एक, आणि तो पोहोचला होता. वागणूक तर सगळ्यांचीच चांगली! दोन तास चर्चा झाली. शेवटी हेन्रिकसाहेबांनी तोडगा काढला.

"ही तक्रार नाहीच. ही सूचना आहे."

मग मी जमीलाबाईंना पत्र लिहिलं, 'आपल्या मोलाच्या सूचनेबद्दल आभारी आहोत.' खाली माझी सही, डॉक्टर या उपाधीसकट. ते पत्र आठवलं की आजही मी विषय बदलतो.

पुढच्या पेटीत त्याच पत्राच्या पाठीमागे उत्तर आलं. 'कागद चांगला जाड आहे. दांडा?'

*

त्याच सुमारास देणगीदारांचं शिष्टमंडळ आलं. त्यांना 'लाभार्थ्यांना' भेटायचं होतं. पण इन्शुरन्स त्यांचाही नव्हता! म्हणून त्यांना फुजैराचं गोदाम दाखवायला नेलं. तिथे पेशावरचा एक हमाल पोत्यावर टेकून घाम पुसत होता. एका बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, फोटो काढला, आणि डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

"मेमसाब, दो महिने का ओव्हरटाइम."

वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर त्याचाच फोटो आला. खाली ओळ होती, 'त्याला हवी आहे फक्त शांती.'

पाटोळ्यांनी तो अहवाल त्याला दाखवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "फोटो अच्छा है. ओव्हरटाइम?"

*

जमीलाबाईंची तिसरी चिठ्ठी आली. एवढंच लिहिलं होतं, 'आता पाचजणी.' मी ती खिशात घेऊन फुजैराला गेलो. का गेलो, माहीत नाही. पाटोळ्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून परत दिली, आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब, तुमच्या तक्रारपेट्या समिती तपासते का हो?"

"नाही. ते ऑफिसचं सामान. यादीत येत नाही."

"पेटी ठेवतात कुठं?"

"जमिनीवर, बहुतेक."

"अरारा! एवढी मोलाची तक्रार, आणि जमिनीवर? तिला एखादा पाय नको?"

मी पाटोळ्यांकडे पाहिलं. पाटोळे छताकडे पाहत होते.

पुढचे तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. नोकरी जाईल, व्हिसा जाईल, मुलीची शाळा जाईल. चौथ्या दिवशी माझी पीएच.डी. पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडली. मी आठ पानी टिपण लिहिलं, 'तक्रारपेटीची उंची आणि तक्रारदाराची प्रतिष्ठा.' वाकून तक्रार करावी लागणं हा नागरिकाचा अपमान आहे, असा त्यातला मुद्दा. हेड ऑफिस भारावून गेलं. लगेच मंजुरी!

मालाच्या यादीवर मी सही केली: 'तक्रारपेटीचा पाय, लोखंडी, एक नग. रंग आणि मजकूर पेटीप्रमाणे.'

बंदरावरच्या तपासनिसाने म्हणे पाटोळ्यांना विचारलं, "हा पाय वाकडा का?"

"हबीबी, तिकडं वाळू आहे. सरळ पाय रुततो."

"यल्ला, यल्ला," चला, आटपा, म्हणत त्याने शिक्का मारला.

*

त्यानंतर जमीलाबाईंच्या गावची पेटी आली, ती पूर्ण रिकामी. पुढचीही रिकामी.

ऑफिसात आनंदीआनंद! 'शून्य तक्रारी' म्हणून केक आला. त्यावर क्रीमने मोठं शून्य काढलेलं. हेन्रिकसाहेबांनी मला भाषण करायला लावलं.

मी वर्गात पोरांना हजारदा सांगितलं होतं, नोंद नसणं म्हणजे शून्य नव्हे. रिकाम्या पेटीचे दोन अर्थ होते. पाणी आलं, किंवा लिहिणारं कोणी उरलं नाही. कोणता, ते पेटी सांगत नव्हती. मी "थँक यू" म्हणून खाली बसलो. केक खाल्ला नाही. खाल्ला असेल तर आठवत नाही.

थोड्याच दिवसांत त्या भागाकडे जाणारी बोट बंद झाली. मग संस्थेने दुबईचं ऑफिसही गुंडाळलं. खलास.

*

बऱ्याच वर्षांनी मुलीने दुबईतल्याच इंटरनॅशनल सिटीत घर घेतलं. तिच्या कार-पूलमध्ये नादिया नावाची एक तरुणी होती, ड्रॅगन मार्टमध्ये नोकरीला. एकदा चहाला आली. कुठली म्हणून विचारलं, तर तिने सांगितलेलं गावाचं नाव मी जमीलाबाईंच्या पेटीवर वाचलेलं होतं.

मी खुर्ची पुढे ओढली. "तुमच्या गावात हापसा होता?"

"होता ना, शाळेसमोर!" ती हिंदी-इंग्रजी मिसळून बोलत होती. "तो सुरू झाला आणि आईचं नदीवर जाणं थांबलं."

"त्याच्या दांड्याचा रंग..."

"बाबा, प्लीज!" मुलगी म्हणाली.

"पिवळा," नादिया म्हणाली. "जमीला टीचर आम्हाला पाण्याच्या रांगेत उभं करून दांड्यावरचं वाचायला लावायच्या. आयुष्यातलं पहिलं इंग्लिश वाक्य मी तेच शिकले."

आणि कप खाली ठेवून, दोन्ही हातांनी हवेत हापसत, तिने ते तालात म्हणून दाखवलं, "युवर! कम्प्लेंट! इज! इम्पॉर्टंट! टू! अस!"