डोणीच्या सांध्यातलं डांबर

सोलापुरात आम्ही भाड्याने राहायचो त्या घरात नळ थेट न्हाणीत होता. आळीतल्या बाकीच्या बायका अंगणातल्या नळापाशी घागरी लावून उभ्या असत आणि मी दार लावून सावकाश पाणी साठवायची दगडी डोणी भरत असे. हे सुख जायची वेळ आली ती एका सांध्यामुळे.

डोणी भिंतीला टेकत होती, तिथल्या फटीतून पाणी मुरायचं. भिंतीपलीकडे घरमालकांची ज्वारीची पोती होती. त्या वर्षी खालच्या पोत्यांना बुरशी धरली. मालक ओसरीवर येऊन ह्यांना म्हणाले, "मास्तर, संक्रांतीपर्यंत गळती थांबली तर ठीक. नाहीतर डोणी फोडतो आणि न्हाणीतला नळ बंद करतो, अंगणातला आहेच. तुमच्या मंडळींना काय, चार पावलं जास्त!"

"घागर तुमच्या कमरेवर नाही ना," मी आतूनच म्हटलं, पण ऐकू जाईल इतपत.

दोष मात्र आमचाच होता. दिवाळीच्या अभ्यंगाआधी न्हाणी नीटनेटकी दिसावी म्हणून दरसाल त्या सांध्यावर काहीतरी थापलं जाई. एका वर्षी चुना, पुढच्या वर्षी डांबर, त्यावर पुन्हा चुना. जुनं कुणी काढत नसे. सणाच्या घाईत ओल्यावरच नवं बसायचं. वरून पांढरंशुभ्र, आत पाणी.

गवंड्याला बोलावलं. त्याने बोटाने टकटक केली. "अजून एक हात मारतो की, बाई."

"आधी जुनं काढा."

"जुनं काढायचं नसतंय. त्येनंच डोणी धरून ठिवलीया. हालली म्हंजे माझं नाव घ्यायचं न्हाय."

"चार माणसांना उचलत नाही ती डोणी. डांबराच्या आधाराने उभी आहे होय?"

तो हसला आणि निघून गेला. मग मीच बसले.

वरचा चुना खिळ्याने आणि जुन्या उलथण्याने निघाला. डांबर हलेना. सासूबाई म्हणाल्या, "कढत पाणी ओत, सुटेल." ओतलं. सुटलं ते फरशीभर पसरलं. माझ्या टाचा, लुगड्याचा काठ, सासूबाईंचा पाट, सगळं काळं.

"आता काय तापवू?" मी विचारलं.

"तुझं डोकं तापलंच आहे की," त्या म्हणाल्या.

पाट रॉकेलने घासता घासता माझ्या लक्षात आलं, की ऊब लागल्यावर जे चिकटतं ते गारठ्यात कडक असणार. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंगावर शाल घेऊन, सांध्यावर गार पाणी मारलं आणि खिळ्यावर वरवंट्याने बेताचा ठोका दिला. खापरीसारखा तुकडा उडाला. उन्हं वर येईपर्यंत वीतभर सांधा मोकळा झाला. मार्गशीर्षातल्या सहा पहाटा त्यात गेल्या. तळाशी बोट घातलं तर आतली माती चिखलासारखी ओली होती. इतकी वर्षं आम्ही पाणी आत कोंडून वर रंगरंगोटी करत होतो.

ते वाळेपर्यंत न्हाणी बंद. हे अंगणात कुडकुडत अंघोळ करू लागले आणि मी घागर घेऊन नळावर गेले.

"अगंबाई, नळवाल्या आल्या!" एक शेजारीण म्हणाली.

"आले. फार दिवस मुक्काम नाही," मी म्हटलं आणि नंबर लावला.

सांधा खडखडीत वाळल्यावर गिरणीतलं टाकाऊ सूत जवसाच्या तेलात भिजवून फटीत ठासलं. वर चाळलेला चुना आणि विटेची भुकटी त्याच तेलात कालवून भरली. पुन्हा चार दिवस थेंब पडू दिला नाही. सासूबाई रोज दारातून डोकावत, पण आत पाऊल टाकत नसत. मग डोणी काठोकाठ भरली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मालक आले. पोती सरकवून त्यांनी भिंतीला खाली तळहात लावला, मग वर, मग पुन्हा खाली.

"कोणता गवंडी लावलात, मास्तर?"

हे माझ्याकडे बघू लागले. "मी केलं," मी म्हटलं. माझ्या नखांतलं काळं अजून गेलं नव्हतं. मालकांना तेवढा पुरावा पुरला.

नळ जागच्या जागी राहिला. जाता जाता मालक घुटमळले. "आमच्या माडीवरच्या न्हाणीचंही जरा बघता का?"

"बघते. पण जुनं तळापर्यंत काढायचं. आणि वाळेपर्यंत तुम्ही अंघोळ अंगणात करायची."

ते बरं म्हणाले.