वाड्याच्या दाराची आतली बाजू

कॉलेजसाठी मी आष्टी सोडली त्या सकाळी बापू मला जीपनं परतूरच्या स्टेशनपर्यंत सोडायला आले. रेल्वे स्टेशनात शिरताना घाईघाईनं म्हणाले, "कुठंबी गेलीस तर समोरच्या दारानं आत जायचं. बाजूला उभं राह्यचं न्हाई. बिलकुल न्हाई." मला वाटलं, कॉलेजच्या ऑफिसबद्दल सांगून राह्यलेत. मायनं दिलेल्या धपाट्यांचं तेल पिशवीतून बाहेर आलं होतं, माझं सगळं लक्ष तिकडं. मान हलवली आणि खिडकी धरली.

आता मी पुण्यात लोकांची घरं सजवते. काचेच्या टॉवरमधल्या माणसांना सगळं नवंकोरं पाहिजे असतं, आणि वर 'जुनं कॅरेक्टर'ही पाहिजे असतं. मंग कुणाच्या मॉड्युलर किचनशेजारी जातं बसवते, कुणाच्या बेसिनखाली तांब्याचं घंगाळ. फोटो छान येतात. आणि घरी आले की स्वतःच्या खुर्च्या इकडून तिकडं सरकवत बसते. पडदे बदलले, रंग बदलला, पलंगाची दिशा फिरवली. छे! कशानंच करमत नाही. तुम्ही गावात राहिलेले हसाल. माझ्यासारखे निघून आलेले हसणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे.

बापू गेल्यावर माय वस्तीतल्या घरात एकटी उरली. वर्षभर मी मागं लागले तेव्हा कुठं म्हणाली, "येऊन तर पाहते. करमलं तर राहीन." मला काहीही करून तिला ठेवून घ्यायचं होतं. त्याच सुमारास जालन्याच्या जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडं एक दार सापडलं. सागवानी, पितळी फुल्यांचं, आष्टीच्याच मोठ्या वाड्याचं. वाडा पाडला होता. माझ्या लहानपणी तो कुलपातच असायचा, मालक कधीचेच औरंगाबादला गेलेले. मी हरखले. मायला दारातच गाव भेटेल! स्टीलच्या चौकटीत ते बसवलं, बाहेरून बोटानं उघडणारं लॉक लावलं, आतली जुनी कडी तशीच ठेवली. आजवरच्या कामात एवढं सुंदर काही जमलं नव्हतं.

माय आली. लिफ्टमधून बाहेर पडली, दार पाहिलं, आणि चपला काढून बाजूच्या भिंतीला लागून उभी राहिली.

"अगं, आत ये ना."

ती दाराच्या खालच्या कोपऱ्यातल्या लोखंडी पट्टीकडं बघत होती. त्या पट्टीवर तर मी भाळले होते. "ही पट्टी वाड्याची हाय," ती म्हणाली. "ल्हानपणी सुगी झाली की माझ्या मायसंगं धान्य मागायला आल्ते मी, लई डाव. इथंच खाली बसून राह्यचो, कुणी बाहेर येईपस्तोर. वरच्या फुल्या न्हाई ठाव मला. ही पट्टी ठाव हाय."

शेजारच्या बाई कचऱ्याचा डबा घेऊन आमच्याकडं पाहत होत्या. मी मायचा हात धरून तिला अक्षरशः ओढून आत घेतलं. बापूंचं स्टेशनवरचं वाक्य तेव्हा मला कळलं. इतक्या वर्षांनी, आणि तेही माझ्याच दारात! आमच्या लोकांनी धर्म बदलला, गाव बदललं, मुलींना शिकवलं. आणि मी, एवढी शिकलेली, तेच दार ट्रकमध्ये घालून घरी आणलं. कुणाचं जुनं आणि कुणाचं कॅरेक्टर? असा संताप आला की जेवण गेलं नाही.

पुढं माय त्या दाराला हातच लावेना, घरातही त्याच्याकडं पाठ करूनच बसायची. भाजीवाला आला तरी मला हाक मारायची. शेवटी म्हणाली, "रविवारी मला गाडीत बसवून दे."

मी त्याच दिवशी सुताराला बोलावलं. म्हटलं, काढा हे, साधं प्लायवूडचं सपाट दार बसवा. त्यानं माप घ्यायला दार लोटून घेतलं आणि आतली बाजू समोर आली. माय भाजी निवडायची सोडून उठली. फळीवरून हात फिरवला. कडी उचलली, कोयंड्यात घातली, काढली, परत घातली.

"इकडून अशी लावतेत व्हय?" ती म्हणाली. "जल्मात पाह्यलं न्हवतं."

मंग सुताराला म्हणाली, "दादा, चहा घ्या अन् जावा. राहू द्या दार."

रविवार आला आणि गेला. तिच्या पिशवीतले कपडे कपाटात गेले. खुर्च्या मी अजूनही सरकवते. उद्या भिंतही पाडेन, माझा काय भरवसा!

काल साइटवरून दमून आले. बोट लावलं, लॉक टुक करून उघडलं, पण दार हलेना. आतून कडी होती. दार वाजवलं.

"कोण हाय?"

"मी गं, माय."

"मी म्हंजे कोण?"

"तुझी लेक! उघड ना, पाय मोडलेत माझे."

"थांब जरा. येऊन राह्यले."

मी पट्टीपाशी उभी राहिले. आत ती सावकाश चालत होती, मुद्दामच, आणि हसत होती. मला ऐकू येत होतं. परतूरला गाडीत बसले तेव्हापासून मी इतकी निवांत कुठंच उभी राहिले नव्हते.