मांजर आणि मोकळे उंदीर

साठ सालानंतरची गोष्ट. मी अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. मनावरच्या ताणानं पोटात व्रण होतात, हे उंदरांवर सिद्ध करायचा आमच्या सरांनी ध्यास घेतला होता.

सुटीत तेल्हाऱ्याला घरी हे सांगितलं, तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला.

"इथं उंदरं कापसाच्या गंजीत घर करून राह्यले, अन् तू तिथं त्याईले खाऊ घालून राह्यली?"

आई म्हणाली, "अन् उंदराले कायची काळजी वो? त्याले का पोरीचं लगन करा लागते?"

प्रयोग साधा होता. काही पांढरे उंदीर रोज जाळीच्या अरुंद नळीत अडकवायचे, बाकीचे खिडकीजवळच्या पिंजऱ्यात मोकळे ठेवायचे. शेवटी क्लोरोफॉर्म देऊन दोन्ही गटांची पोटं तपासायची. ते काम मला फार जड गेलं. पण निकाल पाहून सरच खुर्चीत बसले. नळीतल्यांची पोटं ठणठणीत, आणि मोकळ्यांच्या पोटात व्रणच व्रण!

"तुम्ही पिंजऱ्यांची अदलाबदल केली."

"नाही सर."

"मग यांना कसलं दुःख होतं?"

नवे उंदीर आणून आम्ही पुन्हा सुरुवात केली. एका दुपारी मी प्रयोगशाळेतच डबा उघडला. तेवढ्यात मोकळे उंदीर एकाएकी कोपऱ्यात एकमेकांवर चढून गोळा झाले. वर पाहिलं, तर खिडकीच्या गजांबाहेर एक लठ्ठ बोका बसलेला. शेपटी हलवत तो एकेकाला निरखत होता. कपाटाआडच्या नळ्यांमधले उंदीर मात्र खुशाल पेंगत होते. त्यांना तो दिसतच नव्हता.

मी सरांना ओढूनच आणलं. त्यांनी बोक्याकडे पाहिलं, बोक्यानं त्यांच्याकडे.

"अरे लेका!" सर ओरडले. "माझा ताण तू देऊन राह्यला होय?"

पुण्यात शिकून आलेल्या सरांच्या तोंडून वऱ्हाडी मी पहिल्यांदाच ऐकली.

त्यांनी लगेच संशोधनाचा विषय बदलला. आता बोकाच प्रयोगात घ्यायचा. पण त्याला टिकवायला सर रोज दूध पाजू लागले. आठवड्याभरात बोका उंदरांकडे पाठ करून घोरायला लागला, आणि उंदीर त्याच्यासमोर निवांत दाणे खाऊ लागले.

माझा प्रबंध शेवटी उंदीर भीतीला कसे सरावतात, यावर झाला. परीक्षक खूश होते. बोक्याचा उल्लेख मी 'बाह्य घटक' असा केला.